यूटाच्या लाल कातळांतून गाडीने जाताना

लास व्हेगासहून निघून अमेरिकेच्या यूटा राज्यातील झायन, ब्राइस कॅन्यन आणि कॅपिटल रीफ ही राष्ट्रीय उद्याने पाहत मोआब या गावी पोहोचण्याच्या प्रवासासाठी किमान सात दिवस राखून ठेवावेत. तीन-चार दिवसांत सर्व उरकण्याचा बेत केला, तर बहुतेक ठिकाणी भर दुपारी पोहोचणे होते आणि त्या उन्हात कातळाचा लाल रंग पार फिका दिसतो.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये वादळी पाऊस पडतो आणि डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही दूरच्या पावसाचा लोंढा अरुंद घळीत अचानक शिरू शकतो. त्यामुळे अशा घळीत उतरण्यापूर्वी उद्यानाच्या कार्यालयात त्या दिवसाचा पुराचा अंदाज विचारावाच. ब्राइसचा कडा २४०० ते २७०० मीटर उंचीवर असल्याने गरम कपडे मे महिन्यातही लागतात.

झायनच्या मुख्य दरीत वर्षाचा बराचसा काळ खासगी गाड्या सोडत नाहीत. उद्यानाच्या बसनेच जावे लागते, म्हणून सकाळी लवकर पोहोचावे. एंजल्स लँडिंग या उंच कड्याच्या चढाईसाठी २०२२पासून परवाना आवश्यक आहे आणि तो सोडतीने मिळतो. पुढे १९३० साली खुला झालेला बोगदा ओलांडल्यावर काही अंतरावर चेकरबोर्ड मेसा हा कातळी डोंगर लागतो. तिथे थांबून कातळ निरखून पाहावा. त्यावरील तिरकस रेघा म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचे थर आहेत, आणि त्यांना छेदणाऱ्या उभ्या भेगा नंतर पडलेल्या आहेत.

माझ्या मते या प्रवासाचा गाभा ब्राइसजवळून टोरी गावाकडे जाणारा बारा क्रमांकाचा महामार्ग हाच आहे. सुमारे २०० किलोमीटरचा हा रस्ता तीन तासांत कापता येतो, तरी त्याला संपूर्ण दिवस द्यावा आणि तो उजेडातच पार करावा. एस्कलांटे आणि बोल्डर या गावांदरम्यान हॉगबॅक नावाच्या चिंचोळ्या धारेवरून गाडी जाते. दोन्ही बाजूंना खोल उतार आहे आणि कठडा बहुतांशी नाही. चालवणाऱ्याने नजर रस्त्यावरच ठेवावी आणि देखावा पाहण्यासाठी कडेच्या थांब्यावर गाडी घ्यावी. त्यानंतर रस्ता बोल्डर डोंगरावर जवळपास २९०० मीटरपर्यंत चढतो. तिथे सायंकाळी हरणे आणि मोकाट चरणारी गुरे रस्त्यावर येतात.

कॅपिटल रीफमध्ये हंगाम असेल तर फ्रूटा या जुन्या वस्तीच्या फळबागांत थांबावे. मोआबजवळच्या आर्चेस उद्यानात डेलिकेट आर्च या नैसर्गिक कातळी कमानीची जाऊन-येऊन पाच किलोमीटरची वाट उतरत्या उन्हात चढावी. वाटेत सावली जवळजवळ नाही, आणि परतताना अंधार होत असल्याने बॅटरी जवळ असावी. पायवाटेबाहेरील काळपट, खडबडीत माती सूक्ष्म जीवांनी बांधलेले जिवंत कवच आहे. एका पावलाने मोडलेले हे कवच भरून यायला अनेक वर्षे लागतात, म्हणून छायाचित्रासाठीही त्यावर पाय ठेवू नये.

माणशी दिवसाला चार लिटर पाणी गाडीत ठेवावे, नकाशे आधीच फोनवर उतरवून घ्यावेत आणि टाकी अर्ध्यावर येताच पेट्रोल भरावे. मोआबहून आय-७० महामार्गाने पश्चिमेकडे परतणाऱ्यांनी ग्रीन रिव्हर गावात टाकी पूर्ण भरून घ्यावी, कारण तिथून सलायना गावापर्यंतच्या सुमारे १७० किलोमीटरमध्ये एकही पेट्रोल पंप नाही.