सळई घातलेल्या ब्लॉकच्या भिंतीची बेंडिंग क्षमता काढताना या चुका टाळा

पोकळ काँक्रीट ब्लॉकची कंपाउंड वॉल घ्या. जाडी 190 मिमी, पोकळीच्या मध्यावर 12 मिमीची एफई 415 (यील्ड ताकद 415 एमपीए) सळई, दर 600 मिमीवर एक, आणि सळईच्या पोकळ्या ग्राउटने (पातळ काँक्रीटने) भरलेल्या. वाऱ्याच्या आडव्या दाबाला ही भिंत किती मोमेंट (वाकवणारा परिणाम) पेलेल?

सगळ्यात महागात पडते ती इफेक्टिव्ह डेप्थची (डी, म्हणजे दाबाच्या बाजूच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतचे अंतर) चूक. स्लॅबची सवय असलेला माणूस 190 मधून 30 वजा करून डी 160 धरतो. पण सळई मध्यावर आहे, म्हणजे डी फक्त 95. मीटरमागे स्टील 188 चौ. मिमी, यील्ड होताना (कायमचे ताणले जाऊ लागताना) त्यातले ओढबल सुमारे 78 किलोन्यूटन. प्रिझमची (मसाल्याने जोडलेल्या ब्लॉकच्या नमुन्याची) ताकद 7 एमपीए आणि स्ट्रेस ब्लॉक (दाबाचा सरसकट धरलेला पट्टा) तिच्या 0.8 पट धरला, तर स्ट्रेस ब्लॉकची खोली 14 मिमी, लिव्हर आर्म (दाब आणि ओढ यांतले अंतर) 88 मिमी आणि नॉमिनल (सुरक्षा गुणांक न लावलेला) मोमेंट मीटरमागे 6.9 किलोन्यूटन-मीटर येतो. डी 160 धरला की तोच सुमारे 12 होतो. ही वाढ फक्त कागदावरच असते.

दुसरी चूक म्हणजे एका ब्लॉकची ताकद हीच प्रिझमची समजणे. ही टाळाच, कारण उभ्या भाराच्या हिशोबात ती घातक ठरते. पण वरच्या भिंतीत 7 ऐवजी 10 धरले तरी मोमेंट 7.0 च्या आसपासच राहतो. स्टील कमी असताना क्षमता ठरते ती सळईच्या जागेवर. म्हणून कुणाचेही डिझाइन तपासताना मी आधी डी बघतो.

आता साइटवर या. फुटिंगमधून (पायातून) वर आलेला डॉवेल (जोडसळई) पोकळीशी जुळत नाही आणि सळई 20 मिमी सरकते. एका दिशेला डी 75 उरतो, मोमेंट 5.3 वर येतो, म्हणजे 23 टक्के घट. दुसऱ्या दिशेला क्षमता वाढते खरी, पण वारा दोन्ही बाजूंनी येतो. त्यात पोकळीच्या तळाशी पडलेला मसाला काढलाच नाही, तर जिथे मोमेंट सर्वाधिक तिथेच ग्राउट पोहोचत नाही. पहिल्या थरात सळईच्या प्रत्येक पोकळीला साफसफाईचे तोंड ठेवा आणि ग्राउट ओतण्याआधी आत टॉर्च मारून बघा.

सळया लांब लांब असतील तर एका सळईमागे दाबाची रुंदी जाडीच्या सहापटीपेक्षा जास्त धरू नका. न्यूट्रल ॲक्सिस (दाब आणि ओढ यांच्यातली सीमारेषा) काँक्रीट ब्लॉकच्या बाहेरच्या कवचातच राहतो का, तेही बघा. तो रिकाम्या पोकळीत उतरला तर हिशोब टी-सेक्शनचा (कवच आणि भरलेली पोकळी मिळून होणाऱ्या टी आकाराच्या छेदाचा) करावा लागतो.

कोडची सरमिसळही फार होते. आयएस 1905 (1987) हे बिनसळईच्या बांधकामासाठी आहे. एफई 415 ला 230 एमपीए हा वर्किंग स्ट्रेस पद्धतीचा (रोजच्या भाराखाली परवानगी असलेल्या ताणाचा) आकडा. तो वरच्या स्ट्रेस ब्लॉकसोबत वापरला तर उत्तर धड कुठल्याच पद्धतीचे राहत नाही.

आणि ड्रॉइंगवर नुसते ‘सळई मध्यावर’ लिहून सोडू नका. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंत 95 मिमी, असा आकडा द्या, म्हणजे गवंड्याला टेप लावून तपासता येईल.