पगार वाढला तरी पुरत नाही? आधी हिशोब लावा, मग वाढ मागा

पगार वाढतो तरी महिन्याच्या वीस तारखेला खडखडाट, असं होत असेल तर लगेच स्वतःला उधळ्या ठरवू नका. बऱ्याचदा खर्च करण्यात काही चुकत नसतं, पगारच कमी झालेला असतो, फक्त स्लिपवर ते दिसत नाही.

मागच्या वर्षीचं ह्याच महिन्याचं बँक स्टेटमेंट काढा आणि आत्ताचं शेजारी ठेवा. खर्चाचे चारच भाग करा, उगाच वीस कॉलम नकोत, नाहीतर दोन दिवसात कंटाळा येतो. समजा शंभरातले ४० भाड्याला जातात आणि भाडं १० टक्के वाढलं, ३५ किराण्याला आणि तो ८ टक्के वाढला, १५ प्रवासाला तो ६ टक्के, उरलेले १० इतर, ते २ टक्के. वाटा गुणिले वाढ करून बेरीज मारा: ४ अधिक २.८ अधिक ०.९ अधिक ०.२, म्हणजे ७.९ टक्के. ही तुमच्या घरची महागाई. पगार ५ टक्के वाढला असेल तर १०५ ला १०७.९ ने भागा, येतं ०.९७ च्या आसपास. म्हणजे इन्क्रिमेंट मिळूनही पगाराची खरेदीची ताकद जवळपास पावणेतीन टक्के घटली. एक काळजी घ्या, तीच वस्तू तेवढीच घेतली तर किती पडते ते बघा, जास्त घेतली असेल तर ती महागाई नाही. आणि पाकिटाचं वजनही बघा, ५०० ग्रॅमचं पाकीट त्याच किमतीत ४५० चं झालं की भाव ११ टक्के वाढला, कोणी सांगत नाही.

बातम्यांतल्या महागाईच्या आकड्याशी हा जुळणार नाही आणि ते बरोबरच आहे. तो सरासरी घराचा असतो. कमाई जितकी कमी तितका पोटावर जाणारा वाटा मोठा, हे एर्न्स्ट एंगेल ह्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडलं होतं, त्यामुळे अन्न महागलं की कमी पगारवाल्याला चटका जास्त बसतो. आणि हो, महागाईचा दर उतरला म्हणजे भाव उतरले असं नाही, चढायचा वेग कमी झाला एवढंच.

काटकसर करा पण तिला तळ असतो. भाडं, औषधं, प्रवास ह्यात कापायला फारसं नसतंच. त्यापेक्षा आधी कर्जाकडे बघा, दरमहा ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं पण चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीसच्या वर जातं. क्रेडिट कार्डाचं फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरत असाल तर बाकी सगळं थांबवून ते आधी मिटवा, एवढं व्याज वाचवून देणारी दुसरी काटकसर नाही.

आता मुख्य काम, वाढ मागणं. नुसतं "परवडत नाही" म्हणून जाऊ नका, साहेबालाही परवडत नसतंच म्हणे. वर्षभरात तुमच्यावर कोणतं जादा काम आलं, कोणाची जागा रिकामी राहिली आणि ते तुम्ही ओढलं, हे एका पानावर लिहा, खाली दुसरीकडे ह्याच कामाला काय देतात ते. घरच्या महागाईचा आकडा मात्र तुमच्यापुरता, त्याहून कमी वाढीवर सही करायची नाही म्हणून. पुढच्या वर्षाचं बजेट ठरायच्या आधी भेटा, ठरल्यावर गेलात तर "पुढच्या वेळी बघू" ऐकायला मिळेल. आणि "वाढीऐवजी बोनस घे" म्हणाले तर सावध, बोनस एकदा येतो आणि संपतो, बेसिकमधली वाढ दरवर्षी राहते आणि पुढची टक्केवारी तिच्यावर लागते.

एकट्याने जमत नसेल तर आधी सहकाऱ्यांशी पगाराचे आकडे बोला, हे लपवण्यात फायदा फक्त देणाऱ्याचा. एकत्र येऊन वाटाघाटी करणं हा कामगारांचा हक्क आहे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९४९ चा ९८ क्रमांकाचा करार त्याबद्दलच आहे. आणि किमान वेतन ठरवताना राहणीमानाचा खर्च धरावा असं त्यांचाच १९७० चा १३१ वा करार सांगतो, तेव्हा तुमच्याकडे किमान वेतन किती ठरलंय आणि शेवटचं कधी बदललं हे एकदा तपासा, त्याच्याही खाली पगार असेल तर ती विनंतीची नाही, तक्रारीची बाब आहे.

दुसरी ऑफर आली तर पगाराला तासांनी भागा. दिवसाला १०० मिळतात, ८ तास काम, २ तास प्रवास, १२ प्रवासखर्च, मग हातात तासाला साडेबारा नाही तर ८.८ च पडतात. घराजवळचं ९० वालं काम, अर्धा तास प्रवास, खर्च जवळपास शून्य, तिथे साडेदहा पडतात. कमी पगाराचं काम जास्त देऊन जातं ते असं, फक्त पुढे वाढ कशी मिळते ते तिथल्या जुन्या माणसाला विचारूनच हो म्हणा.