हळदीचा पाला कापताना या चुका टाळा

संक्रांत उलटली की सांगली-साताऱ्याकडे आणि तिकडे वसमत, हिंगोली, नांदेड पट्ट्यात हळद काढणीची धांदल सुरू होते. मजुरांची टोळी ठरवायची, हळद शिजवणाऱ्या बॉयलरवाल्याची तारीख पकडायची, आवक वाढून दर पडायच्या आत माल बाजारात न्यायचा. या गडबडीत पाला कापणे म्हणजे कुणालाही सांगावे असे हलके काम समजले जाते. पण नऊ महिने सांभाळलेल्या पिकाचा उतारा, रंग आणि पुढच्या हंगामाचे बेणे, तिन्ही इथेच बिघडू शकतात. पाला कापला म्हणजे काढणी सुरू झाली, असेच धरून चालावे. कुदळ चालवणारे हात आणि हळद शिजवणारा बॉयलर पक्का झाल्याशिवाय विळा लावू नये.

पाला हिरवा असतानाच कापणे

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. हळव्या जाती साधारण सात महिन्यांत, निमगरव्या आठ महिन्यांत आणि सेलमसारख्या गरव्या जाती नऊ महिन्यांत तयार होतात. शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात वरून पीक थांबल्यासारखे दिसते, पण त्याच काळात पानांतला अन्नसाठा खाली गड्ड्यात, म्हणजे जमिनीतल्या कंदात, उतरत असतो. पान हिरवे असताना कापले की तो वर अडकलेला साठा बांधावर जातो. मग हळकुंडे ओली असताना भरलेली दिसतात, पण वाळल्यावर सुरकुततात आणि वजनात मार खातात. चांगल्या पक्व मालात पाच किलो ओल्या हळदीपासून एक किलोच्या आसपास सुकी हळद मिळते. कोवळ्या मालात हा हिशेब बिघडतो आणि रंगही फिका येतो.

उलटी फसगतही होते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच पाने वाळू लागली की पीक आले असे वाटते. ते करप्यामुळे (पानांच्या बुरशीजन्य रोगामुळे) किंवा पाण्याच्या ताणामुळे असू शकते. म्हणून पानांचा रंग आणि लागवडीपासूनचे महिने, दोन्ही बघावे. तरीही शंका राहिली तर शेताच्या वेगवेगळ्या भागांतून चार-पाच गड्डे उपटावे. हळकुंडाचे टोक पांढुरके असेल, साल अंगठ्याने सहज निघत असेल, तर थांबावे. मोडल्यावर आत गर्द रंग दिसला आणि साल घट्ट असली, तर माल तयार आहे.

नऊ महिने होऊनही पीक हिरवेगारच असेल, तर कारण बहुतेक वेळा पाण्यात किंवा नत्रात सापडते. नत्राचा शेवटचा हप्ता भरणीबरोबर, म्हणजे झाडाच्या बुंध्याला माती चढवताना, संपायला हवा. त्यानंतरही युरिया किंवा ठिबकमधून नत्र चालू राहिले, तर झाड पाने काढत बसते आणि गड्डा पोसण्याचे काम मागे पडते. अशा शेतात पाणी टप्प्याटप्प्याने तोडून पान पिवळे पडायची वाट बघणे एवढेच हातात असते. शेताचा एखादाच कोपरा हिरवा असेल, तर तिथे ठिबकची नळी गळत आहे का ते आधी तपासा आणि तो कोपरा सर्वांत शेवटी कापा.

पाणी कधी तोडायचे, याचा घोळ

काढणीआधी पंधरा दिवस ते महिनाभर पाणी बंद करावे, असे सांगितले जाते. पण हा पंधरा दिवसांचा फरक जमिनीवर ठरतो, हे बरेचदा सांगायचे राहून जाते. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीला पंधरा दिवस पुरतात. भारी काळ्या जमिनीत ओल लांबते, तिथे महिना लागतो. एका झटक्यात पाणी तोडण्यापेक्षा आधी पाळ्यांमधले अंतर वाढवत जावे आणि मग पूर्ण बंद करावे. ताण नीट बसला नाही तर गड्ड्याला नवे कोंब येतात, आणि साठवलेले अन्न त्या कोंबांवर खर्च होते.

आता उलट अडचण. पाणी लवकर तोडले, काळी जमीन दगडासारखी झाली, कुदळ मारली की हळकुंडे मोडतात आणि निम्मा माल मातीतच राहतो. अशा वेळी जोर लावून खणण्यात काही अर्थ नाही. पाला कापून झाल्यावर एक अगदी हलके पाणी द्यावे, वाफसा आला, म्हणजे जादा ओल निघून जमीन खणण्याजोगी झाली, की लगेच काढणी करावी. तमिळनाडूत पाला कापून, पाणी देऊन मग खणण्याची पद्धत आहेच. अट एवढीच की पाणी दिल्यावर काढणी लांबवायची नाही, नाहीतर कोंब फुटलेच म्हणून समजा.

एका दिवसात सगळे शेत मोकळे करणे

टोळी आली आहे, मजुरी ठरली आहे, मग होऊन जाऊ दे सगळे, या विचाराने दोन-तीन एकरांचा पाला एकदम कापला जातो. कापल्यावर चार-पाच दिवस शेत तापू द्यायचे असते. गड्डा किंचित आकसतो, माती सोडू लागतो. तेवढे दिवस फायद्याचे. पण टोळी दुसरीकडे गेली, बॉयलर लांबला आणि कापलेले शेत तीन आठवडे तसेच पडले, की जमीन आवळत जाते. त्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस झाला तर उघड्या खुंटांतून आणि भेगांतून ओल थेट गड्ड्यापाशी पोहोचते.

म्हणून चार-पाच दिवसांनी जेवढे खणता येईल तेवढेच कापा, आणि पुढचा तुकडा त्या हिशेबाने घ्या. उभा वाळलेला पाला तोवर जमिनीवर सावली धरून असतो, त्याचा त्रास काही नाही.

कापलेल्या शेतावर पाऊस पडलाच, तर आधी शेतातले पाल्याचे ढीग बाहेर काढा, कारण त्यांच्याखाली ओल दिवसेंदिवस टिकते. साचलेल्या पाण्याला वाट करून द्या. प्लॅस्टिक अंथरून झाकू नका, आत वाफ धरते आणि कूज वाढते. वाफसा येताच काढणी सुरू करा. नवे कोंब दिसू लागले असतील तर आणखी पक्व होईल म्हणून थांबण्यात आता फायदा नाही.

विळा कुठे लावायचा

जमिनीपासून साधारण एक इंच खोड ठेवून धारदार विळ्याने कापावे. मातीला घासून कापले तर जेठ्या, म्हणजे मधल्या मुख्य गड्ड्याच्या माथ्याला जखम होते आणि तिथून बुरशी शिरते. उंच खुंट ठेवले तर मोडणीच्या (गड्ड्यापासून हळकुंडे सुटी करण्याच्या) वेळी प्रत्येक गड्ड्यामागे हात अडकतो, आणि काढणी यंत्र असेल तर त्यात ते गुंततात. बोथट विळ्याने खोड कापले न जाता ओढले जाते, गड्डा हलतो आणि कडेची हळकुंडे तुटून मातीत राहतात. ठिबकच्या नळ्या कापणीआधीच गुंडाळून ठेवाव्यात. वाळलेल्या पाल्याखाली त्या दिसत नाहीत आणि विळ्याखाली येतात.

बेण्याची निवड कापणीनंतर करणे

पाला गेला की सगळे शेत सारखे दिसते. कुठे कंदकूज होती, कुठे दुसऱ्या जातीची झाडे मिसळली होती, कुठला वाफा निरोगी होता, ते सांगणारी खूण पाल्याबरोबरच निघून जाते. म्हणून पीक उभे आणि हिरवे असतानाच फेरी मारून निरोगी, एका जातीचे वाफे काठ्या रोवून निश्चित करावेत. कुजीचे पट्टेही तसेच दाखवून ठेवावेत. काढणीला निरोगी वाफे आधी घ्यावेत, कुजीचे पट्टे शेवटी, आणि दोन्हींचा माल कधीही एका ढिगात टाकू नये. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि पुढच्या वर्षीचे अर्धे दुखणे त्याने टळते, म्हणून मी यावर जास्त जोर देतो.

तणाकडे दुर्लक्ष, नाहीतर थेट फवारणी

काढणी जवळ आली की खुरपणी थांबते, आणि पान वाळून ऊन जमिनीवर येऊ लागते तसे तण उसळते. गाजरगवत, केना, घोळ यांना बी धरण्याआधी उपटून बाहेर काढा. गाजरगवत उघड्या हाताने उपटू नका, कातडीला खाज आणि पुरळ येते. सगळ्यांत चिवट लव्हाळा. त्याच्या गाठी हळदीच्या मुळांत अडकून येतात, बेण्याबरोबर पुढच्या स्वच्छ शेतात जातात, आणि तिथून त्यांना काढणे वर्षानुवर्षे जमत नाही. बेणे निवडताना मुळ्या साफ करून या गाठी हाताने वेचून टाकाव्यात.

मजूर मिळत नाहीत म्हणून उभ्या हळदीवर किंवा ओल्या खुंटांवर ग्लायफोसेट हे तणनाशक मारण्याचा मोह होतो. हे करू नका. ग्लायफोसेट झाडाच्या आत शिरून वाढीच्या आणि साठवणीच्या भागांकडे जाते, आणि हळदीत साठवणीचा भाग म्हणजे आपण विकतो तोच गड्डा. बेणे म्हणून ठेवलेल्या गड्ड्याची उगवणही धोक्यात येते. आपल्याकडे त्याची नोंदणी चहा आणि बिगरपीक क्षेत्रासाठी आहे, हळदीसाठी नाही. पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाने पान लवकर जळते खरे, पण ते पोटात गेले तर त्यावर उतारा नाही, आणि घरातल्या, शेतातल्या माणसांच्या जिवापेक्षा चार दिवसांची मजुरी मोठी नाही. शिवाय सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव ज्या मालावर चालते, त्यात तणनाशकाचे अंश सापडणे सगळ्याच उत्पादकांना भोवेल.

कापलेला पाला

शेतातच पेटवणे सोपे वाटते, पण त्यात ठिबकच्या नळ्या वितळतात, उघड्या पडलेल्या गड्ड्यांना झळ लागते आणि वाऱ्यावर शेजारचा ऊस पेटायला वेळ लागत नाही. निरोगी पाला केळीत किंवा फळबागेत आच्छादन म्हणून टाकावा. करप्याचे किंवा ठिपक्यांचे पान मात्र खड्ड्यात नीट कुजवावे आणि ते खत पुन्हा हळदीच्या शेतात आणू नये. थोडा निरोगी, कोरडा पाला बाजूला राखून ठेवा. सावलीत लावलेला बेण्याचा ढीग झाकायला तो लागतो, आणि लागवडीपर्यंत बेणे सुकू न देता टिकवण्यासाठी हे आच्छादन उत्तम.