युनियन बर्लिनची मॅच उभं राहून कशी बघायची

बर्लिनला लेकीकडे जाणार असाल आणि अंगात फुटबॉल असेल, तर जावई तुम्हाला ऑलिंपिया स्टेडियम दाखवून आणेलच. बघा, पण तिथं मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये धावपट्टी आहे, खेळाडू लांब पडतात. हट्ट धरायचा तो युनियन बर्लिनच्या मॅचचा. शहराच्या पूर्वेला क्योपेनिकमध्ये, झाडीला खेटून त्यांचं मैदान आहे. नाव आल्टे फ्योर्स्टेराय, म्हणजे वनरक्षकाचं जुनं ठाणं.

तिकिटाची खटपट विमानाच्या तिकिटाआधी सुरू करा. मैदानात माणसं मावतात २२,०१२ आणि बहुतेक तिकिटं क्लबच्या सभासदांनाच जातात. लेकीच्या ऑफिसात कुणी सभासद आहे का, हे आधी विचारायला लावा. पहिल्या खेपेला आमच्या जावयानं कुठल्याशा साइटवरून दुप्पट पैसे मोजून तिकीट घेतलं. गेटवर ते चाललंच नाही, आम्ही बाहेरून नुसता आरडाओरडा ऐकला. काहीच जमलं नाही तर महिला संघाची मॅच बघा. २०२५ मध्ये त्या पहिल्या बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या साखळीत आल्या, खेळतात याच मैदानावर आणि तिकीटही सहज मिळतं.

लोकल एस-३ ची, स्टेशन क्योपेनिक. तिथून लाल मफलरांच्या मागं चालत सुटायचं, पाऊण-एक मैल. सॅक घरीच ठेवा.

गेटजवळ लाल हेल्मेटचं स्मारक आहे, तिथं जरा थांबा. २००८-०९ मध्ये क्लबकडं पैसा नव्हता, तेव्हा दोन हजारांवर समर्थकांनी स्वतः राबून हे मैदान नव्यानं उभं केलं. सुमारे १,४०,००० तास फुकट काम! कुणी वेल्डिंग केलं, कुणी सिमेंट ओतलं. एसटीच्या वर्कशॉपमध्ये माझी पस्तीस वर्षं गेली, त्यामुळं मी मॅचआधी कठड्यांचे जोडच बघत बसलो. काम पक्कं आहे.

आता मुख्य गोष्ट. चारपैकी तीन बाजूंना खुर्च्याच नाहीत, उभं राहायचं. जागेला नंबर नसतो, आधी येईल त्याची जागा. दीड तास आधी पोचा आणि लोखंडी कठडा आपल्या पुढ्यात येईल अशी पायरी पकडा. त्यावर हात टेकता येतात, पुढचा उंच जर्मनही आड येत नाही. गुडघे दुखत असतील तर मुख्य स्टँडचं खुर्चीचं तिकीट बघा, त्यात कमीपणा नाही. वाल्डझाइटं म्हणजे जंगलाकडची बाजू कट्टर पोरांची; तिथं नव्वद मिनिटं ढोल आणि झेंडे. आमच्या वयाला मुख्य स्टँडच्या समोरची लांब बाजू बरी.

सुरुवातीला स्पीकरवर एकेका खेळाडूचं नाव येतं आणि सगळे ओरडतात, 'फुसबॉलगॉट!' म्हणजे फुटबॉलचा देव. राखीव गोलकीपरही देव. लाजू नका, ओरडा. 'आयझर्न' आलं की 'उनियोन' म्हणायचं, एवढं जर्मन पुरतं.

कोल्हापूरकरांना जड जाणारा नियम पुढं आहे. आपल्या संघाला शिट्ट्या मारून हिणवायचं नाही आणि शेवटची शिट्टी होईपर्यंत मैदान सोडायचं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी या गावातल्या संघांच्या मॅच बघत मोठा झालेला माणूस मी. आमच्याकडं पहिला पास चुकला की खेळाडूच्या सात पिढ्या उद्धरतात. मीही सवयीनं एक शिवी हासडली. मराठीत होती म्हणून निभावलं, तरी शेजारच्या आजोबांनी सुरावरून ओळखून माझ्याकडं असं बघितलं की पुढं मुकाट टाळ्या वाजवल्या. युनियन हरली. लोक मात्र गातच होते आणि खेळाडू कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

त्यानंतरही लगेच पळू नका, स्टेशनावर पाय ठेवायला जागा नसते. अर्धा तास रेंगाळा, मोहरी लावून सॉसेज खा. आणि बिअरचा प्लास्टिकचा ग्लास फेकू नका, त्याचं डिपॉझिट परत मिळतं. मी आमचे दोन आणि पायरीवर पडलेले तीन नेऊन दिले. लेक लाजली, पण पैसे आले.