घरी टेल टायडी बनवताना या चुका टाळा

स्पोर्ट्स बाइकच्या शेपटाखाली लोंबणारे लांब मडगार्ड काढायचे, त्या जागी पत्र्याचा छोटा ब्रॅकेट बसवायचा आणि नंबर प्लेट व इंडिकेटर त्यावर घ्यायचे, एवढाच टेल टायडीचा मामला वरवर वाटतो. ब्रॅकेट बहुधा चांगलाच जमतो. बिघडते ते बाकीचे. कंपनीचे मडगार्ड नुसता चिखल अडवत नसते. अनेक मॉडेलांत ते सीटखालच्या पोकळीचा तळ असते, प्लेटवरचा दिवा आणि लाल रिफ्लेक्टर त्यावरच बसवलेले असतात, आणि मागच्या वायरिंगला टायरपासून दूर ठेवणारी वाटही त्यातूनच जाते. ते उतरवताना ही सगळी कामे दुसऱ्या कशावर तरी सोपवावी लागतात, आणि त्यातले एखादे काम कोणावरच सोपवलेले नसते तिथे पुढची डोकेदुखी सुरू होते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मूळ मडगार्डच करवतीने कापणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. विम्याचा दावा करतानाही न कळवलेला बदल अडचणीचा ठरू शकतो. त्यामुळे रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर हे काम करावे का, हा निर्णय आधी शांतपणे घ्यावा, आणि करायचेच असेल तर मूळ भाग अखंड ठेवून, त्याचे नट-बोल्ट पिशवीत बांधून, केव्हाही परत बसवता येईल अशा बेताने करावे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांवर उच्च सुरक्षा नंबर प्लेट असते आणि तिचे स्नॅप लॉक, म्हणजे एकदाच बसणारी खिट्टी, तोडल्याशिवाय निघत नाही. म्हणून प्लेट कशी हलवणार, हा प्रश्न पत्रा कापण्याच्या आधी सोडवायचा असतो. प्लेट सीटखाली आडवी दडपून बसवणे तर सरळसरळ चलनाला आमंत्रण आहे. ती मागून पूर्ण वाचता आली पाहिजे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार रात्री पांढऱ्या दिव्याच्या उजेडात ती १५ मीटरवरून वाचता येणेही अपेक्षित आहे. हा छोटा दिवा आणि लाल रिफ्लेक्टर दोन्ही नव्या ब्रॅकेटवर आलेच पाहिजेत. याच ओघात काही जण साडीगार्डही काढून टाकतात, ते मात्र मुळीच करू नये. मागच्या स्वाराचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण नियम १२३ मध्ये सांगितलेले आहे.

पत्र्याच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका दिसतात. ॲक्रिलिक कापायला सोपे म्हणून वापरले, तर ते कंपनांनी भोकापाशी तडकते. आणि भंगारातला कडक ॲल्युमिनियमचा पत्रा शिकंजात धरून काटकोनात वाकवला, तर घडीच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढी चीर पडते, जी रंगाखाली दिसत नाही आणि पुढे खराब रस्त्यावर वाढत जाते. ६०६१-टी६ जातीचा पत्रा असा तडकतो, तर ५०५२ जातीचा तीन मिलिमीटरचा पत्रा गोलाई देऊन नीट वळतो. आतल्या कोपऱ्यात करवत थेट टेकवण्याऐवजी आधी तिथे गोल भोक पाडावे, म्हणजे चीर तिथून सुरू होत नाही. ठरावीक आरपीएमला ब्रॅकेट भुणभुणत असेल, तर जाडी वाढवण्याआधी दोन्ही कडा सुमारे दीड सेंटिमीटर दुमडून पाहाव्यात; ताठपणा जाडीपेक्षा घडीने अधिक स्वस्तात मिळतो.

चाक आणि ब्रॅकेट यांच्यातले अंतर गाडी स्टँडवर उभी असताना मोजणे ही सर्रास होणारी चूक आहे. जोडीदार मागे बसला आणि गतिरोधक आला, की चाक कित्येक सेंटिमीटर वर येते. शिवाय चेन ताणत गेल्यावर ते मागेही सरकते. याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या कणकेने होते. ब्रॅकेटच्या सर्वांत खालच्या कडेला, आणि बोल्टचे टोक खाली येत असेल तर त्यावरही, दोन सेंटिमीटर उंचीचा घट्ट गोळा चिकटवावा, मागे कोणाला तरी बसवून दोन-चार गतिरोधकांवरून अगदी सावकाश गाडी न्यावी आणि मग खाली वाकून पाहावे. गोळ्यावर टायरची नक्षी उमटली असेल, तर ब्रॅकेट वर घ्यावा लागेल. बोल्ट शक्यतो डोके खाली आणि नट वर असे बसवावेत.

आता वायरिंग, कारण तक्रारींचा खरा ढीग इथेच असतो. रंगावरून तार ओळखण्याची सवय सर्वांत घातक आहे: हिरवी तार होंडात अर्थिंगची असते, कावासाकीत डाव्या इंडिकेटरची, तर यामाहात गडद हिरवी उजव्या इंडिकेटरची. दुसऱ्या गाडीचा व्हिडिओ पाहून जोडणी करणाऱ्याचा फ्यूज म्हणूनच उडतो. मल्टिमीटर नसेल, तर निदान टेस्ट लॅम्पने खात्री करावी आणि मूळ कनेक्टर न कापता त्यात बसणारे कनेक्टर नव्या तारेला लावावेत.

इंडिकेटर भराभर लुकलुकत असतील, तर दोष बहुधा जोडणीचा नसून भाराचा असतो. दहा वॅटचा जुना बल्ब सुमारे ०.८ अँपिअर घेतो आणि एलईडी त्याच्या अंशानेच, त्यामुळे जुन्या फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या डबीला, बल्ब गेल्याचा भास होतो. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसवणे हा स्वच्छ उपाय आहे. रेझिस्टर जोडायचा तर तो समांतर जोडावा आणि धातूवर बसवावा, कारण तो चांगलाच तापतो आणि प्लास्टिकच्या पॅनेलला चिकटवल्यास ते वितळवतो. एक बाजू लावल्यावर चारही इंडिकेटर लागत असतील, तर मीटरमध्ये दोन्ही बाजूंसाठी एकच दिवा आहे आणि त्यातून प्रवाह पलीकडे जातो आहे, असे समजावे. मीटरच्या त्या दिव्याच्या तारांवर १एन४००७ चे दोन डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, लावले की हे थांबते. दिवे मंद असतील तर आधी अर्थिंग पाहावे, कारण काही इंडिकेटर आपल्या धातूच्या दांड्यातूनच अर्थिंग घेतात आणि पावडर कोटिंग किंवा रबरी वॉशर तो मार्ग तोडतात.

खड्ड्यात आदळल्यावरच फ्यूज जात असेल, तर तार पत्र्याच्या कडेवर घासते आहे. तार जाते त्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी रिंग, हवाच, आणि तारांचा जोड नुसत्या टेपखाली न ठेवता हीट श्रिंकमध्ये, म्हणजे गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीत, घ्यावा.

पावसाळ्यातली तक्रार वेगळीच असते. मडगार्ड काढल्यावर सीटखाली उघडी राहिलेली फट कोरड्या रस्त्यावर जाणवत नाही, पण जूनमध्ये टायरने उडवलेला गाळ तिथून थेट फ्यूज बॉक्स आणि कनेक्टरपर्यंत पोहोचतो. एबीएस प्लास्टिकचा तुकडा कापून ती फट बंद करावी, त्याच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निथळायला छोटे भोक ठेवावे आणि जमल्यास मागचे चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवर हगर, म्हणजे टायरलगतचे छोटे मडगार्ड, बसवावा. कोकणात खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस बोल्ट एकमेकांना लागून असले की बोल्टभोवती पांढरी भुकटी धरते. मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा.

बोल्ट कंपनांनी ढिले होऊ नयेत म्हणून नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) किंवा मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा चिकट द्रव) वापरावे, आणि पहिल्या लांब फेरीनंतर प्रत्येक बोल्टला पान्हा लावून पाहावा. त्याच वेळी घडीवरचा चिखल पुसून टॉर्चच्या तिरप्या उजेडात चीर शोधावी. ती सापडली, तर भोक पाडून किंवा वेल्डिंग करून तोच ब्रॅकेट वापरत राहू नये. पहिला ब्रॅकेट कापताना केलेला पुठ्ठ्याचा साचा असतोच, त्यावरून दुसरा कापावा.