साठवलेलं अंगावरचं दूध गॅसवर ठेवू नका; कोमट करायची रीत

दूध काढण्याआधी हात-भांडी कशी धुवायची ते दवाखान्यात सांगतातच. एका डब्यात एका वेळेपुरतंच दूध भरा, वर तारीख लिहा. डबा काठोकाठ नको, गोठल्यावर दूध फुगतं.

“चार तास बाहेर टिकतं” असं जो तो सांगतो. ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीचं गणित आहे. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे दूध काढलं की लगेच फ्रीजमध्ये. दारात नाही, आत मागच्या बाजूला. तिथे ४ दिवस चालतं. त्याहून जास्त ठेवायचं असेल तरच फ्रीजर, कारण गोठल्यावर दुधातल्या जिवंत पांढऱ्या पेशी मरतात. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं बरीचशी टिकतात, पण लॅक्टोफेरिन हे जंतूंना रोखणारं प्रथिन महिन्यागणिक घटत जातं. म्हणून जुना डबा आधी संपवा.

आता गरम करणं. माझं इथेच चुकलं होतं. पहिल्या बाळाच्या वेळी आत्याबाई म्हणाल्या, “कच्चं दूध लेकराला कसं द्यावं, एक उकळी येऊ दे.” गाई-म्हशीचं दूध आपण उकळतोच, म्हणून मलाही पटलं. दोन आठवडे मी ते पातेल्यात उकळून पाजलं. आजही ते आठवलं की जीव तुटतो.

या दुधातलं आयजीए हे प्रतिपिंड बाळाच्या आतड्याचं अस्तर राखतं, लायसोझाइम जंतूंची भिंत फोडतं, लॅक्टोफेरिन जंतूंना लागणारं लोह अडवून धरतं. ही सगळी प्रथिनं आहेत. फार तापलं की त्यांची घडी मोडते, आणि दूध थंड केलं म्हणून ती परत बसत नाही. उकळलेल्या दुधाने पोट भरतं, पण हे राखणदार त्यात उरत नाहीत.

“मग दूधपेढीत का तापवतात?” हे मला हमखास विचारतात. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ पासून दूधपेढी आहे. पेढीतलं दूध दुसऱ्या आईचं असतं, म्हणून ते ६२.५ अंशांवर ३० मिनिटं ठेवतात. तेवढ्यानेही चरबी पचवणारं लायपेज पार निकामी होतं आणि लॅक्टोफेरिन बरंच घटतं. तो तोटा जंतूंच्या भीतीपोटी पत्करलेला असतो. स्वतःच्या निरोगी बाळाला आपलंच दूध देताना तो कशाला पत्करायचा? बाळ कमी दिवसांचं असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तसंच करा.

रीत अशी: गोठलेला डबा रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वाटीत कोमट पाणी घ्या, बोट आरामात बुडवून ठेवता येईल इतपतच, आणि बंद डबा त्यात ठेवा. पाणी निवलं तर बदला, वाटी गॅसवर चढवू नका. वर आलेली साय मिसळायला डबा हलकेच गोल फिरवा. मनगटावर थेंब टाकून बघा. गरम लागला तर जास्त झालं. मायक्रोवेव्ह नकोच. त्यात दूध कुठे कढत, कुठे गार राहतं. बाळाचं तोंडही पोळतं. उन्हाळ्यात बाळ फ्रीजमधलं गारच पीत असेल तर तसंच द्या.

वितळलेल्या दुधाला साबणासारखा वास आला तर घाबरू नका. लायपेज थंडीतही चरबी फोडत राहतं, त्याचा तो वास. आंबट नासका वास आला तरच ओता.

लाइट गेली तर फ्रीजर उघडून बघत बसू नका. लाइट आल्यावर दुधात बर्फाचे खडे दिसले तर ते पुन्हा गोठू द्यायला हरकत नाही. पूर्ण वितळलं, पण अजून गार असेल तर फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवा. बोंडल्यात उरलेलं उष्टं दूध २ तासांनंतर देऊ नका.