मॅट वार्निशनंतर ड्वार्फ पांढरे पडले, ते असे परत आणले

२० ड्वार्फांचं (बुटक्या, दाढीवाल्या योद्ध्यांच्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनी) युनिट, म्हणजे तुकडी, रंगवून झालं, पावसाळी हवेतच मॅट (बिनचमकीचं) स्प्रे वार्निश मारलं आणि सकाळी बघतो तर सगळ्यांवर पिठासारखा थर, काळ्या दाढ्या राखाडी. डोकंच फिरलं. ओल्या फडक्याने पुसलं, काही नाही, वर अजून मॅट मारलं तर आणखी वाढलं (हे करूच नका).

चाललं ते असं: आधी एकाच मिनीच्या पाठीवर ट्राय, मग ग्लॉस (चमकदार) वार्निशचा पातळ हात ब्रशने, दाढीच्या खाचांत घुसवायचं पण साचू द्यायचं नाही, ओलं असतानाच खालचा रंग दिसायला लागतो. २४ तास सुकवलं. दोघांच्या काखेत पांढरं राहिलेलं, तिथे दुसरा हात. शेवटी मॅट, पण ब्रशनेच, बाटली भरपूर हलवून, मॅट करणारी पूड तळाशी बसते ना. कुऱ्हाडींची पाती मुद्दाम ग्लॉसच ठेवली, लोखंडी वाटतात.